ब्रेस्ट लिफ्टचा विचार करताना नेमके काय अपेक्षित धरावे?

कर्लीकाठ

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते आणि पतसंस्थेत नोकरी करते. वय ४२, दोन मुले, दोघेही शाळेत जाणारी. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेले वजन मी गेल्या काही वर्षांत बरेच उतरवले आणि आता ते स्थिर आहे. मात्र वजन उतरले तसे स्तन अधिकच ओघळले आणि रिकाम्या पिशवीसारखे दिसू लागले. दिसण्याचा प्रश्न आहेच, तो मी लपवत नाही. त्याच्या जोडीला दर पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचून लाल चट्टे उठतात, आग होते, आणि औषधांच्या दुकानातून आणलेले मलम लावले की चार दिवस बरे वाटून पुन्हा तेच सुरू होते.

म्हणून ओघळलेले स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्रेस्ट लिफ्ट, करून घ्यावी असा माझा विचार आहे आणि यजमानांशी मी मोकळेपणाने बोलले आहे. त्यांची हरकत नाही, परंतु शस्त्रक्रियेतील धोका आणि खर्च यांची त्यांना काळजी वाटते. सासूबाईंच्या मते हा सगळा मुलांना अंगावर पाजल्याचा परिणाम आहे आणि बाईने ते सोसायचे असते. मला मात्र निर्णय घेण्याआधी समजून घ्यायचे आहे की या शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते, व्रण किती राहतात, घरची आणि नोकरीची कामे किती काळ बाजूला ठेवावी लागतात, आणि आमच्यासारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या बाईने गोवा, कोल्हापूर की मुंबई यांपैकी कुठे जाणे सोयीचे ठरते. मेडिक्लेममधून काही मिळते का, हेही कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे. ज्यांनी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांचे अनुभव वाचायला मिळाले तर फार मदत होईल.

पांढरासमुद्र

ताई, तुम्ही प्रश्न स्पष्टपणे विचारलात याचे मला फार बरे वाटले, कारण मी या निर्णयापर्यंत आले तेव्हा रत्नागिरीत या विषयावर बोलायला मला एकही बाई भेटली नव्हती. मी काही वर्षांपूर्वी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की ब्रेस्ट लिफ्टमध्ये स्तन मोठे होत नाहीत. जास्तीची सैल त्वचा काढली जाते, आतील ऊतींना नवा आकार देऊन वर बसवले जाते आणि स्तनाग्र त्याच्या भोवतीच्या गडद वर्तुळासह वरच्या जागी आणले जाते. त्यामुळे आधीचाच भार नीट गोळा झालेला दिसतो, आणि अनेक जणींना आपला कप आधीपेक्षा थोडा लहान झाल्यासारखा वाटतो. वजन उतरल्यामुळे तुमचा वरचा भाग रिकामा झाला असेल, तर नुसत्या लिफ्टने तो भरलेला दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

ओघळ किती आहे हे ठरवताना डॉक्टर स्तनाखालची घडी आणि स्तनाग्र यांची पातळी पाहतात. स्तनाग्र घडीच्या रेषेत असेल तर ओघळ सौम्य, घडीच्या खाली गेलेले असेल तर मध्यम, आणि ते स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकाशी येऊन जमिनीकडे वळलेले असेल तर तीव्र मानला जातो. छेद कुठे द्यायचा हे बऱ्याच अंशी यावरूनच ठरते. सौम्य ओघळ असल्यास कधीकधी फक्त गडद वर्तुळाच्या कडेने छेद पुरतो; मध्यम असल्यास वर्तुळाभोवती आणि तिथून सरळ खाली घडीपर्यंत; आणि तीव्र असल्यास त्याशिवाय घडीच्या रेषेतही आडवा छेद द्यावा लागतो, म्हणजे सगळे मिळून जहाजाच्या नांगरासारखा आकार होतो. माझ्या बाबतीत हा तिसरा प्रकार करावा लागला. चांगला आकार हवा असेल तर व्रण स्वीकारावेच लागतात, आणि ज्या बाईला कपडे उतरल्यावर दिसणारा व्रण ओघळापेक्षा जास्त खुपणार असेल तिने ही शस्त्रक्रिया करू नये, असे माझे ठाम मत आहे.

व्रणांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या सावळ्या त्वचेत ते जाड होण्याची किंवा काळे पडण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. सुरुवातीचे काही महिने माझे व्रण लाल, किंचित उंच आणि खाजरे होते. टाके पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी सिलिकॉनच्या पट्ट्या लावायला सांगितल्या. उभी रेषा वर्षभरानंतर फिकट झाली आणि आता शोधावी लागते. घडीतल्या आडव्या रेषेचे काखेकडचे टोक मात्र अजून बोटाला दोरीसारखे लागते. तुमच्या अंगावर आधीच्या जखमेचा, कान टोचल्याचा किंवा सिझेरियनचा व्रण फुगून वाढलेला असेल, तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला सरळ उभे करून गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंत टेपने अंतर मोजले आणि जांभळ्या पेनाने छातीवर रेषा आखल्या. या खुणा उभ्यानेच कराव्या लागतात, कारण आडवे झाल्यावर ओघळाची खरी जागा कळत नाही. त्या वेळी खोलीत परिचारिका हजर होती; ती नसल्यास तुम्ही हक्काने मागावी. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि सर्वसाधारणपणे दोन ते तीन तास चालते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात, परंतु आपल्याकडच्या बायकांनी "घरी" याचा अर्थ कोकणातले घर असा लावू नये. मी पहिली तपासणी होऊन ड्रेसिंग बदलेपर्यंत नणंदेकडे ठाण्याला राहिले आणि मगच रेल्वेने खालच्या बर्थवरून परत आले. महामार्गावरच्या खड्ड्यांतून त्या अवस्थेत प्रवास करणे मला शक्य झाले नसते.

वेदना मला वाटली होती त्यापेक्षा कमी होत्या आणि त्या गोळ्यांनी आटोक्यात राहिल्या. जड गेले ते हात आवरून बसणे. दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे नसतात, त्यामुळे केस विंचरणे, उंच दोरीवर कपडे वाळत घालणे, फळीवरचा डबा काढणे हे सगळे दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागते. विहिरीचे पाणी शेंदणे, कळशी उचलणे, आडाळ्यावर बसून नारळ खवणे, आंब्याच्या पेट्या हलवणे या गोष्टी साधारण चार ते सहा आठवडे पूर्ण बंद ठेवाव्यात. बसून करायच्या कामावर एक-दोन आठवड्यांत परतता येते, म्हणून पतसंस्थेतली तुमची नोकरी ही अडचण ठरणार नाही; खरी अडचण घरातली आहे. बाई हिंडती-फिरती दिसली की घरच्यांना ती बरी झाली असे वाटू लागते. म्हणून कोण काय करणार हे आधीच ठरवून घ्यावे, आणि ते यजमानांनी घरात सांगितलेले अधिक बरे.

याच कारणासाठी दिवसांची निवड विचारपूर्वक करावी. गणपतीच्या तोंडावर किंवा आंब्याच्या हंगामात ही शस्त्रक्रिया करू नये. पावसाळ्यात घडीतला छेद कोरडा ठेवणे आपल्या हवेत कठीण जाते, आणि सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालायची असल्यामुळे ती धुऊन वाळायला तर हवी. दिवाळी उरकल्यानंतरचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटला. ब्रा दोन घ्याव्यात, आणि त्या पुढून उघडणाऱ्या असाव्यात.

आणखी दोन गोष्टी. पहिले काही आठवडे स्तन फार वर, ताठ आणि काहीसे चौकोनी दिसतात. ते पाहून घाबरू नये, सूज उतरून आकार स्थिरावायला काही महिने लागतात. दुसरे म्हणजे स्तनाग्रांची संवेदना. माझ्या एका बाजूची संवेदना हळूहळू परतली, दुसऱ्या बाजूची आजही अर्धवट आहे. ती अनेकींची पूर्ण परत येते, काहींची कायमची कमी होते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी कोणताही डॉक्टर याची हमी देऊ शकत नाही. एवढे असूनही मला हा निर्णय योग्यच वाटतो; आता कंबरेतून ताठ उभे राहताना मी साडीचा पदर ओढून खांदे मिटून घेत नाही.

राहता राहिले सासूबाईंचे म्हणणे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले होते की वय, शरीराचे वजन, गर्भारपणांची संख्या आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध दिसतो, अंगावर पाजण्याचा मात्र दिसत नाही. गर्भारपणातच त्वचा आणि आतील बंध ताणले जातात. तुम्ही मुलांना पाजलेत ते उत्तमच केलेत, आणि ही गोष्ट घरातल्या पुढच्या पिढीच्या मुलींपर्यंतही पोहोचायला हवी.

वाशिष्ठी

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. वरील ताईंनी उत्तम लिहिले आहे. मी फक्त वैद्यकीय बाजूच्या काही गोष्टी जोडते.

तुमच्या चट्ट्यांचा उपचार आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून करून घ्यावा. आपल्या दमट हवेत घडीत बुरशीचा संसर्ग होणे अगदी नेहमीचे आहे, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली आणि खाज तात्पुरती दबते, बुरशी मात्र पसरते आणि त्वचा पातळ होत जाते. तुम्ही वर्णन केलेला "चार दिवस बरे, पुन्हा तेच" हा क्रम मी असंख्य बायकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याच वेळी रक्तातील साखरही तपासावी, कारण वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग कधीकधी मधुमेहाची पहिली खूण असतो. चट्टे असताना त्याच त्वचेवर छेद देणे कोणताही जबाबदार सर्जन मान्य करणार नाही. लिफ्टनंतर घडीत त्वचेला त्वचा कमी घासते आणि त्रास पुष्कळदा कमी होतो, हे खरे आहे. मात्र स्तन जड असतील, मान आणि खांदे दुखत असतील, ब्राच्या पट्ट्यांचे वळ उठत असतील, तर लिफ्टऐवजी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. ती वेगळी शस्त्रक्रिया आहे, आणि दोहोंपैकी कोणती हे डॉक्टरांशी आधी स्पष्ट करून घ्यावे.

कोणती लक्षणे दिसताच फोन करायचा, हे तुम्हाला आणि तुमच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीला पाठ असले पाहिजे. पहिल्या दिवसात एक बाजू अचानक दुसरीपेक्षा फुगली, टणक झाली आणि दुखू लागली, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि काही वेळा तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. स्तनाग्र काळे-निळे पडणे, ताप, पू, किंवा वाढत जाणारी लाली यांतही सकाळची वाट पाहू नये. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर तो पायातील रक्ताच्या गुठळीचा इशारा असू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवसापासून थोडे थोडे चालायला लावतात आणि लगेच लांबचा प्रवास नको म्हणतात. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात त्या टोकाशी जखम किंचित उघडणे ही तुलनेने नेहमी दिसणारी गोष्ट आहे. ती बहुतेक वेळा नियमित ड्रेसिंगने भरते, परंतु त्याला वेळ लागतो.

आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. पुढच्या गर्भारपणात त्वचा पुन्हा ताणली जाते, आणि दूध पाजण्याच्या क्षमतेवरही काही वेळा परिणाम होतो. लिफ्ट कायमची टिकत नाही हेही ध्यानात असू द्यावे. वय आणि गुरुत्वाकर्षण आपले काम करतच राहतात, फक्त सुरुवात वरच्या पायरीवरून होते. वजन पुन्हा वाढले-उतरले तर परिणाम लवकर ओसरतो.

एक प्रश्न विचारते, राग मानू नये. तुम्ही मशेरी लावता का, किंवा तंबाखू कोणत्याही रूपात घेता का? आणि याआधी स्तनांची कोणती तपासणी झाली आहे का?

आंबोलीवाट

मेडिक्लेमबद्दल लिहितो. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी ही माहिती काढली होती. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मोडते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसेच वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेला उपचार यांना त्यातून सूट असते. त्यामुळे नुसत्या लिफ्टसाठी पैसे मिळतील असे धरून चालू नये. वैद्यकीय सेवेला सामान्यतः जीएसटी नसतो, परंतु सौंदर्यशस्त्रक्रियेला तो लागतो, म्हणून सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे का हे विचारावे. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, तपासण्या, सर्जिकल ब्रा आणि पुढची ड्रेसिंग या सर्वांचा वेगवेगळा उल्लेख असावा. पुन्हा दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कोणाचा, हा प्रश्न बहुतेक जण संकोचाने विचारत नाहीत. तुम्ही अवश्य विचारा.

शहर कोणते यापेक्षा सर्जन कोण हे महत्त्वाचे आहे. प्लास्टिक सर्जन म्हणजे जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही उच्च पदवी मिळवलेला डॉक्टर. महाराष्ट्रातील डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, आणि १९५७ पासून कार्यरत असलेल्या असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेचे सदस्यत्वही विचारता येते. आम्ही सुरुवातीला एका मोठ्या शहरातील सौंदर्य-चिकित्सालयात गेलो होतो. तिथे समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने डॉक्टरांची भेट होण्याआधीच "या आठवड्यात पैसे भरल्यास सवलत" असे सांगितले आणि सर्जनची पदवी विचारल्यावर विषय बदलला. आम्ही तिथून उठून आलो. मोहाने नव्हे, शांतपणे निवड करावी. सावंतवाडी-कुडाळकडच्या लोकांना गोवा जवळ पडते हे खरे. तरीही पुढच्या तपासण्यांसाठी तीन-चार वेळा जावे लागणार हे गृहीत धरून, जिथे राहायला आपले माणूस आहे ते शहर निवडावे असे मला वाटते.

सुरंगी

मी सल्ला घेऊन शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले, तेही सांगावेसे वाटते. माझा ओघळ सौम्य होता आणि डॉक्टरांनीच प्रामाणिकपणे सांगितले की मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने व्रण जास्त ठरतील. मी नीट माप घेऊन योग्य आधाराची ब्रा वापरू लागले आणि पाठीचे व छातीचे व्यायाम सुरू केले. व्यायामाने स्तन वर उचलले जात नाहीत, कारण स्तनात स्नायू नसतो. उभे राहण्याची ढब मात्र सुधारते. तेले आणि क्रीम यांवर मी बराच खर्च होताना पाहिला आहे, आणि त्यांनी सैल त्वचा घट्ट होत नाही. पहिला सल्ला घेतला म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नसते, एवढेच सांगायचे होते.

कर्लीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाशिष्ठीताई, राग कशाचा? मी मशेरी लावते, लहानपणापासून घरात सगळ्याच लावत आल्या आहेत. दुसरे असे की पाच-सहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत डाव्या बाजूला एक साधी गाठ, फायब्रोअ‍ॅडिनोमा, सांगितली होती. दुखत नाही म्हणून पुढे काही केले नाही. तसेच एका डॉक्टरांच्या चित्रफितीत लिफ्टबरोबर इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी, घालावे म्हणजे वरचा भाग भरतो, असे पाहिले. ते आवश्यक असते का?

वाशिष्ठी

मशेरीविषयी तुम्ही सरळ सांगितलेत हे फार चांगले झाले, कारण पुष्कळ जणी "तंबाखू घेत नाही" असे लिहून देतात आणि मशेरीला त्यात धरत नाहीत. मशेरी ही भाजलेली तंबाखूच असते, आणि हिरडीतून निकोटिन रक्तात जाते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र त्याच्या रक्तपुरवठ्यासह हलवले जाते, तो पुरवठा आधीच मोजका असतो, आणि त्यात आकसलेल्या वाहिन्यांची भर पडली तर जखम उशिरा भरण्याचा किंवा क्वचित स्तनाग्राचा भाग मरण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान तेवढाच काळ मशेरी पूर्ण बंद हवी. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत, त्यातही तेच द्रव्य असते. अ‍ॅस्पिरिन किंवा कोणतेही आयुर्वेदिक काढे-चूर्ण घेत असाल तर तेही सांगावे, कारण काहींनी रक्तस्राव वाढतो.

गाठीचे म्हणाल तर ती सर्वांत आधी. फायब्रोअ‍ॅडिनोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे, परंतु जुन्या अहवालाच्या भरवशावर चाळिशीनंतरची शस्त्रक्रिया करू नये. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) दोन्ही नव्याने करून घ्याव्यात, गाठ वाढली आहे का हे जुन्या अहवालाशी ताडून पाहावे, आणि डॉक्टरांनी सुईची तपासणी सुचवली तर ती टाळू नये. शस्त्रक्रियेत काढलेली ऊती प्रयोगशाळेत पाठवली जाणार का, तेही विचारावे. नंतर सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, नवी मॅमोग्राफी करून ती पुढच्या तुलनेसाठी जपून ठेवतात, कारण आतील व्रणांमुळे चित्र बदलते. दरवेळी रेडिओलॉजिस्टना शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी. दरम्यान गाठ मोठी झाल्यासारखी वाटली, त्वचेला खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव आला, तर लिफ्टचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात सर्जनला दाखवावे.

इम्प्लांट आवश्यक नसते. वरचा भाग भरलेला हवा असेल तरच त्याचा विचार होतो, आणि दोन्ही एकत्र केल्यास गुंतागुंतीची शक्यता वाढते. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, पुढे ते बदलावे किंवा काढावे लागू शकते. एका प्रकारच्या खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाशी, संबंध आढळल्यामुळे २०१९ साली ती जगभरातून परत मागवली गेली होती. तुमच्या जागी मी असते तर आधी चट्टे आणि गाठ यांची तपासणी उरकली असती, मशेरी सोडायला सुरुवात केली असती, आणि मग सगळे जुने अहवाल व फिल्म घेऊन दोन वेगवेगळ्या प्लास्टिक सर्जनांचा सल्ला घेतला असता. यजमानांना दोन्ही वेळा सोबत न्यावे. धोक्याविषयीचे त्यांचे प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावेत.